बेलफास्टच्या त्या रात्रीची बैठक कशी भरवावी

जुन्या सामन्याच्या आठवणी काढायला चार पाठीराखे एकत्र बसले की पहिल्या पाच मिनिटांतच कोणीतरी शेवट सांगून टाकतो, आणि मग उरलेली संध्याकाळ त्या शेवटाभोवतीच घुटमळत राहते. सांगलीत विश्रामबागेतील एका मित्राच्या घरी आम्ही दर नोव्हेंबरात अशी बैठक भरवतो, आणि सुरुवातीच्या काही वर्षांत आमचेही असेच होत असे. आमचा विषय ठरलेला आहे: १७ नोव्हेंबर १९९३ रोजी बेलफास्टच्या विंडसर पार्कवर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक यांच्यात झालेला, १९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या पात्रता फेरीचा शेवटचा सामना. त्या रात्रीचा ताण पुन्हा अनुभवायचा असेल, तर निकाल कोणालाच माहीत नसलेली ती नव्वद मिनिटे नव्याने मांडावी लागतात, आणि बैठकीची सारी तयारी त्यासाठीच असते. ज्यांना आपल्या गावी अशी बैठक भरवायची आहे, त्यांच्यासाठी आमची रीत येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम सामन्याच्या निवडीविषयी. आयर्लंडचे, म्हणजे प्रजासत्ताकाचे, नाव काढले की बहुतेकांना १८ नोव्हेंबर २००९ ची पॅरिसची रात्र आठवते, जेव्हा जादा वेळेत फ्रान्सच्या थिएरी आँरीने चेंडू हाताने अडवून पुढे ढकलला आणि विल्यम गालासने गोल केला. तो सामना बैठकीसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ती हाताची चित्रफीत इतक्या वेळा दाखवली गेली आहे की प्रत्येकाच्या मनात आता तेवढेच एक दृश्य उरले आहे. रॉबी कीनने त्या रात्री आयर्लंडला आघाडी मिळवून दिली होती, हेही अनेकांना आठवून द्यावे लागते. शिवाय अन्यायाच्या आठवणीत सगळे एकाच बाजूला बसतात. बैठकीला असा सामना लागतो, ज्यात एकाच खोलीतील माणसांना वेगवेगळ्या गोष्टींची भीती वाटत होती, आणि बेलफास्टचा सामना त्या दृष्टीने फार समृद्ध आहे, कारण त्याचा निम्मा भाग त्याच रात्री स्पेनमधील सेव्हिल्या शहरात, स्पेन आणि डेन्मार्क यांच्या सामन्यात, खेळला गेला.

माणसे बोलावताना चार खुर्च्यांचा विचार करावा. एक खुर्ची प्रजासत्ताकाची, एक उत्तर आयर्लंडची, एक स्पेनची आणि एक डेन्मार्कची. या चारही संघांचे जन्मजात पाठीराखे सांगलीत कोठून मिळणार, अशी शंका कोणी घेईल, पण १९९० चा विश्वचषक दूरदर्शनवर पाहिलेल्या पिढीत अशी माणसे आहेत. जेनोआमध्ये रुमानियाविरुद्ध पेनल्टीच्या वेळी पॅट बॉनरने शेवटचा फटका अडवला आणि मागोमाग डेव्हिड ओलिअरीने गोल केला, त्या क्षणापासून आमच्यातील दोघे आयर्लंडचे झाले ते कायमचे. डेन्मार्कची खुर्ची ज्यांच्याकडे आहे, ते मिरजेचे निवृत्त शिक्षक. युगोस्लाव्हियाच्या जागी आयत्या वेळी बोलावलेल्या डेन्मार्कने १९९२ ची युरोपीय स्पर्धा जर्मनीला २-० असे हरवून जिंकली, तेव्हापासून त्यांचा जीव त्या संघावर आहे. ज्या संघाला कोणी पाठीराखा नसेल, त्याची खुर्ची एखाद्याने आठवडाभर आधी स्वीकारावी आणि त्या संघाची बाजू मनापासून अभ्यासून यावे. डेन्मार्कची खुर्ची मात्र कधीही रिकामी ठेवू नये. ज्याचे त्या रात्री सर्वस्व गेले, तो खोलीत नसला तर बाकीच्यांची आठवण लवकरच नुसत्या आनंदात विरघळते.

शक्य असल्यास कोल्हापूरचा एखादा माणूस जरूर बोलवावा. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉल सामने पाहत वाढलेल्या माणसाला शेजाऱ्याविरुद्धचा सामना म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही; शेजारी स्वतः स्पर्धेतून बाहेर पडलेला असला, तरी तो आपल्याला पुढे जाऊ देणार नाही, हे त्याला आतूनच ठाऊक असते. उत्तर आयर्लंडची स्थिती नेमकी तशी होती. पण ही तुलना येथेच थांबवावी, कारण बेलफास्टच्या त्या महिन्यात मैदानाबाहेर जे घडत होते, त्याला आपल्याकडच्या तालमींच्या ईर्षेची उपमा देणे योग्य नाही.

त्या पार्श्वभूमीसाठी बैठकीच्या आरंभी काही मिनिटे राखून ठेवावीत आणि ती गंभीरपणे वापरावीत. सामन्याच्या चार आठवडेही आधी नाही, म्हणजे २३ ऑक्टोबर १९९३ रोजी, बेलफास्टच्या शँकिल रस्त्यावरील एका दुकानात बॉम्बस्फोट झाला होता आणि ३० ऑक्टोबरला ग्रेस्टील या गावातील एका बारमध्ये गोळीबार झाला होता. दोन्ही ठिकाणी निरपराध माणसे मारली गेली. प्रजासत्ताकाच्या पाठीराख्यांना त्या सामन्याची तिकिटे दिली गेली नव्हती. म्हणजे पाहुण्या संघाने गोल केला तर मैदानात काय ऐकू येणार, हे आधीच ठरल्यासारखे होते. ही माहिती एकाने, शक्यतो उत्तर आयर्लंडच्या खुर्चीवरील माणसाने, कोणाचीही बाजू न घेता सांगावी आणि त्यानंतर राजकारणाची चर्चा त्या संध्याकाळपुरती बंद ठेवावी. हा नियम आम्ही एकदा मोडला होता, आणि त्या वर्षी मध्यंतरापर्यंतही पोहोचता आले नाही.

आता आठवणी जमवण्याविषयी. बैठकीचा सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे आणि बहुतेक ठिकाणी तोच गाळला जातो. कोणी एक शब्दही बोलण्यापूर्वी प्रत्येकाला एक कोरा कागद द्यावा आणि त्या सामन्याविषयी आपल्याला जे आठवते, ते वीस मिनिटांत लिहायला सांगावे. मोबाइल एका टोपलीत जमा करावेत. आधी बोलणे सुरू झाले, तर जो मोठ्याने आणि खात्रीने बोलतो त्याची आठवण सर्वांची होऊन बसते, आणि मग खरी आठवण कोणाची आणि ऐकीव कोणाची, हे कधीच वेगळे करता येत नाही.

लिहायला लावतानाही गोलपासून सुरुवात करू नये. आपण त्या वेळी कुठे होतो, घरात कोण होते, बातमी कशी आणि किती वाजता कळली, येथून सुरुवात करावी. १९९३ हे वर्ष आपल्या भागातील माणसांना आठवायला सोपे आहे. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला होता आणि सांगलीतूनही मदतीचे ट्रक गेले होते. नोव्हेंबरच्या मध्यास दिवाळी नुकतीच संपली होती, फराळाचे डबे अजून रिकामे झाले नव्हते. वृत्तपत्रांची क्रीडापाने हीरो चषकाच्या क्रिकेटने भरलेली असत. अशा खुणा दिल्या की माणूस त्या घरात पुन्हा शिरतो आणि मग सामना आपोआप जवळ येतो. सामना बुधवारी रात्रीचा, म्हणजे आपल्याकडे गुरुवार उजाडण्यापूर्वीचा. गुरुवारची वृत्तपत्रे तोवर छापून झालेली असत, त्यामुळे ज्यांच्याकडे शॉर्टवेव्ह रेडिओ नव्हता त्यांना निकाल शुक्रवारच्या अंकात, क्रिकेटच्या खाली, दोन ओळींत मिळाला. मी त्यांपैकीच एक. माझ्या कागदावर दरवर्षी तो आयर्विन पुलाजवळचा वृत्तपत्रांचा ठेला, पायाखालची थंड फरशी आणि बोटाला लागलेली शाई एवढेच पहिल्यांदा उतरते, आणि ते तसेच उतरू द्यावे, असे मी नव्या सदस्यांनाही सांगतो. उशिरा कळलेल्या बातमीचीही एक आठवण असते, आणि जागरण करून रेडिओला कान लावून बसलेल्या माणसाच्या आठवणीइतकाच तिचा मान बैठकीत राखावा.

कागद लिहून झाले की ते घडी करून बाजूला ठेवावेत आणि भिंतीवर एक मोठा फळा लावावा. फळ्यावर गटाचा गुणतक्ता सामना सुरू होण्याच्या क्षणी जसा होता, तसाच लिहावा. सात संघांच्या त्या गटातून पहिले दोन विश्वचषकाला जाणार होते आणि त्या काळी विजयाला दोनच गुण मिळत. डेन्मार्कचे १८ गुण, स्पेनचे १७ आणि आयर्लंडचे १७. गोलफरकात, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले गोल वजा करता, डेन्मार्क अधिक १४, स्पेन अधिक २२ आणि आयर्लंड अधिक १३. हे आकडे सर्वांना दिसतील एवढे मोठे लिहावेत, कारण पुढचा सगळा खेळ यांच्यावरच चालणार आहे. त्यानंतर सूत्रधाराने एकच प्रश्न विचारावा: बेलफास्टमध्ये बरोबरी झाली, तर आयर्लंडला पुरेल काय? आमच्या अनुभवानुसार निम्मे लोक ठामपणे ‘नाही, जिंकणे आवश्यक होते’ असे म्हणतात. खरे उत्तर असे की, आयर्लंड जिंकले असते तर सेव्हिल्यात काहीही झाले तरी ते पुढे गेले असते, आणि बरोबरी झाली तर मात्र सेव्हिल्यातील सामना निकाली व्हायला हवा होता. तिकडेही बरोबरी झाली असती, तर डेन्मार्कचे १९ आणि स्पेनचे १८ गुण झाले असते आणि १८ गुणांवर थांबलेला आयर्लंडचा संघ गोलफरकावर स्पेनच्या मागे राहिला असता. हे गणित प्रत्येकाने स्वतःच्या हाताने मांडून पाहावे. ते कोणी तयार करून दिले तर डोक्यात राहते, पण पोटात गोळा येत नाही.

फळ्याच्या शेजारी दोन स्तंभ आखावेत, एक बेलफास्टचा आणि एक सेव्हिल्याचा, आणि प्रत्येक सामन्याची मिनिटे त्याच्या स्वतःच्या घड्याळाप्रमाणे लिहावीत. सूत्रधाराच्या हाती घटनांच्या चिठ्ठ्या असाव्यात आणि त्याने त्या क्रमाने उघडाव्यात. पुढची चिठ्ठी माहीत असली, तरी कोणी ती आधी बोलायची नाही; हा बैठकीचा एकमेव कडक नियम आहे.

पहिली चिठ्ठी सेव्हिल्याची. दहाव्या मिनिटाला स्पेनचा गोलरक्षक अंदोनी झुबिझारेटा याला लाल कार्ड मिळाले, आणि सान्तियागो कान्यिसारेस हा तरुण गोलरक्षक आपल्या पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात, दहा माणसांच्या संघात, मैदानात उतरला. येथे स्पेनच्या खुर्चीला बोलू द्यावे, आणि नंतर प्रजासत्ताकाच्या खुर्चीला विचारावे की ही बातमी ऐकून बरे वाटले की वाईट. हा प्रश्न फार चांगला आहे, कारण त्याचे सरळ उत्तर नाही: दहा माणसांचा स्पेन हरला तर आयर्लंडला बरोबरी पुरणार होती, पण दहा माणसांचा स्पेन बरोबरीसाठी दारे लावून बसला तर आयर्लंडचे दार बंद होणार होते.

मध्यंतराला दोन्हीकडे गोलशून्य बरोबरी. फळ्यावर त्या क्षणाचा तक्ता मांडला की आयर्लंड तिसऱ्या क्रमांकावर, म्हणजे बाहेर. चहा आणि भडंग याच वेळी द्यावे, आधी नाही आणि नंतरही नाही. खाण्याची वेळ मध्यंतराशी बांधली की उत्तरार्ध सुरू होताना खोली आपोआप शांत होते.

त्रेसष्टाव्या मिनिटाला सेव्हिल्यात कॉर्नरवरून फर्नांडो हिएरोने डोक्याने गोल केला. डेन्मार्कच्या खुर्चीने येथे आपली तक्रार मांडावी: गोलरक्षक पीटर श्मायकेलच्या वाटेत स्पेनचा बाकेरो आडवा आला होता, असे डेन्मार्कचे पाठीराखे आजही म्हणतात. त्यांना पुरेसा वेळ द्यावा, मध्ये तोडू नये. त्यानंतर तक्ता पुन्हा मांडावा. स्पेन १९. डेन्मार्क १८, गोलफरक अधिक १३. बेलफास्टमध्ये अजून एकही गोल न झालेला आयर्लंडचा संघ १८, गोलफरक अधिक १३. सर्व समान. मग केलेले गोल मोजायचे: आयर्लंडचे १८, डेन्मार्कचे १५. बेलफास्टमध्ये काहीही न घडता, सुमारे एकोणीसशे किलोमीटर दूर झालेल्या एका गोलमुळे आयर्लंड विश्वचषकात पोहोचलेले असते. येथे सूत्रधाराने घाई करू नये. फळ्याकडे पाहत खोली थोडा वेळ तशीच राहू द्यावी.

पुढची चिठ्ठी सत्तर मिनिटे उलटून गेल्यानंतरची. उत्तर आयर्लंडच्या जिमी क्विनने चेंडू हवेतच टिपून दुरून जोरदार फटका मारला आणि विंडसर पार्क गर्जून उठले. तक्ता पुन्हा पुसायचा: आयर्लंड १७ गुणांवर, बाहेर, डेन्मार्क हरत असूनही आत. येथून आयर्लंडच्या बरोबरीपर्यंत जी काही मिनिटे गेली, ती घड्याळाप्रमाणेच जाऊ द्यावीत, असा आमचा प्रघात आहे. कोणी बोलायचे नाही, फक्त भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायचे. प्रथमच आलेल्यांना हे अवघडल्यासारखे वाटते, पण तिसऱ्या मिनिटाला तेही खुर्चीच्या कडेला सरकलेले दिसतात. त्या मिनिटांत उत्तर आयर्लंडच्या खुर्चीवर जो बसलेला असतो, त्याच्या चेहऱ्याकडेही पाहावे. तो प्रशिक्षक बिली बिंगहॅम यांचा शेवटचा सामना होता, ज्यांनी त्या छोट्या प्रदेशाचा संघ १९८२ आणि १९८६ अशा दोन विश्वचषकांना नेला होता आणि १९८२ मध्ये यजमान स्पेनला त्याच्याच भूमीवर, वॅलेन्सियात, हरवले होते. त्यांच्या पाठीराख्यांना त्या रात्री विजयाने निरोप द्यायचा होता, यात काय चूक आहे?

मग ॲलन मॅक्लॉकलिनची चिठ्ठी. रे हॉटनच्या जागी बदली म्हणून आलेला, पोर्ट्समथकडून खेळणारा हा मध्यरक्षक. फ्री किक अर्धवट परतवली गेली, चेंडू चौकटीच्या कडेशी त्याच्याकडे आला, त्याने तो छातीवर घेतला आणि डाव्या पायाने जाळ्यात मारला. १-१. ज्यांना मैदानावरचा आवाज आठवतो ते सांगतात की आवाज नव्हताच. आपले पाठीराखे नसलेल्या मैदानात पाहुण्या संघातील थोडी माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. तक्ता शेवटचा मांडावा, पण येथे ‘संपले’ म्हणू नये, कारण आता भीती सेव्हिल्याला गेलेली असते. डेन्मार्कने तिकडे एक गोल केला असता, तर सगळे पुन्हा उलटले असते. डेन्मार्कच्या खुर्चीला म्हणून शेवटची दहा मिनिटे पुन्हा बोलू द्यावे, आणि दोन्ही शिट्ट्या झाल्यावरच प्रजासत्ताकाच्या खुर्चीला हात वर करू द्यावा.

यानंतर कागद उघडावेत. प्रत्येकाने आपला कागद स्वतः वाचावा आणि इतरांनी त्याची चूक लगेच दुरुस्त करू नये. सर्वांचे वाचून झाल्यावर सूत्रधाराने फळ्याशी ताडून पाहावे. काही चुका दरवर्षी येतात. जिमी क्विन उत्तरेचा आणि नायल क्विन प्रजासत्ताकाचा, या दोघांची अदलाबदल होते. मॅक्लॉकलिनचा गोल हेडरने झाला, असे हटकून कोणीतरी लिहितो, बहुधा हिएरोचा गोल त्याच्या मनात मिसळलेला असतो. आयर्लंड आणि डेन्मार्क यांच्यातील परस्पर सामन्यांवर निर्णय झाला, अशीही एक समजूत आहे. ते दोन्ही सामने बरोबरीत सुटले होते, कोपनहेगनला ०-० आणि डब्लिनला १-१, त्यामुळे तो मार्ग असता तरी त्याने काही सुटले नसते.

आणि एक गोष्ट बहुतेक कागदांवर नसते, ती सूत्रधाराने सांगितलीच पाहिजे. १३ ऑक्टोबर १९९३ रोजी डब्लिनच्या लॅन्सडाउन रोडवर स्पेनने आयर्लंडला ३-१ असे हरवले होते. पूर्वार्धातच ३-० अशी स्थिती झाली होती आणि उत्तरार्धात जॉन शेरिडनने एक गोल केला, तेव्हा तो कोणाला महत्त्वाचा वाटला नसावा. तो गोल फळ्यावरून पुसून तक्ता मांडावा: आयर्लंडचा गोलफरक अधिक १२ होतो, डेन्मार्कचा अधिक १३ राहतो, आणि बेलफास्टची बरोबरी निरुपयोगी ठरते. आमच्या बैठकीत हे पहिल्यांदा मांडले, तेव्हा ज्यांनी तीस वर्षे मॅक्लॉकलिनचे नाव घेतले होते, त्यांनी उठून फळ्याजवळ जाऊन आकडे पुन्हा मोजले.

चित्रफीत दाखवायचीच असेल, तर ती यानंतर, सर्वांत शेवटी दाखवावी, आणि फक्त दोन गोलांपुरती. त्याच रात्री पॅरिसमध्ये बल्गेरियाच्या कोस्तादिनोव्हने अखेरच्या क्षणी फ्रान्सला बाहेर काढले, ही गोष्ट काढण्याचा मोह अनेकांना होतो. तिच्यासाठी स्वतंत्र संध्याकाळ ठेवावी. पुढच्या वर्षी १८ जूनला न्यू जर्सीत आयर्लंडने इटलीला १-० असे हरवले, त्याचा उल्लेख मात्र अवश्य करावा, कारण तो गोल रे हॉटनचा होता, ज्याला बेलफास्टमध्ये बाहेर घेऊन मॅक्लॉकलिनला आत पाठवले होते. आयर्लंडचे त्या वेळचे प्रशिक्षक जॅक चार्ल्टन २०२० मध्ये गेले, मॅक्लॉकलिन २०२१ मध्ये आणि बिंगहॅम २०२२ मध्ये. आम्ही ही तीन नावे बैठक उठण्यापूर्वी एकदा उच्चारतो.

शेवटी सर्वांचे कागद एका पाकिटात घालून त्यावर वर्ष लिहावे आणि ते पाकीट यजमानाकडे न ठेवता डेन्मार्कच्या खुर्चीकडे सोपवावे. पुढच्या नोव्हेंबरात नवे कागद लिहून झाल्यावरच जुने उघडायचे. मिरजेच्या गुरुजींकडे आता अशी नऊ पाकिटे आहेत, आणि त्यांच्या स्वतःच्या नऊही कागदांची पहिली ओळ एकच आहे: ‘बाकेरो आडवा आला होता.’